हातचा

रकान्याचं नाव: पूर्ण झालेली शिक्षणाची वर्षं.
चिलुम्बाच्या किनाऱ्यावर, उसिपा वाळत घातलेल्या मांडवापाशी
मी टॅब्लेटवरची रेती पुसतो आणि विचारतो.
न्यागोंड्वे मासळी उलटीपालटी करत राहते.
"पाच," म्हणते. मग तिचा हात थांबतो.

"पण तिसरीच्या वर्षी मास्तर आजारी पडला,
सुट्टीवर गेला तो आलाच नाही.
आम्ही मात्र रोज जायचो. मसुकूच्या झाडाखाली बसून
एकमेकींच्या उवा काढायचो.
ते वर्ष धरायचं की सोडायचं?"

टॅब्लेट अपूर्णांक घेत नाही.
मी पाच लिहितो.

लिलाँग्वेच्या प्रशिक्षणात, पंख्याखाली,
एका पाहुण्याने पडद्यावर ठिपके दाखवले होते.
एक ठिपका म्हणजे एक देश.
आडवी रेघ शाळेची, उभी कमाईची,
आणि ठिपके वर वर गेलेले, शेळ्या टेकडी चढतात तसे.
आमचा खाली, डावीकडे, इतका कोपऱ्यात
की पडद्याची चुणी नेमकी त्याच्यावरून गेली होती.
मानवी भांडवल, तो म्हणाला.
आम्ही वहीत उतरवून घेतलं.

"भांडवल मला ठाऊक आहे," न्यागोंड्वे म्हणते.
"पहिल्या टोपलीचे पैसे. चूल पेटली नाही तरी
ज्याला हात लावायचा नाही, ते.
माणसाचं कसं होतं रे?"

तेवढ्यात गिऱ्हाईक येतं.
सात कप, कपाला साडेआठशे क्वाचा, मागची उधारी चौदाशे.
बोटांच्या पेरांवरून बेरीज सरकते,
हातचा एक ती अंगठ्याखाली दाबून धरते.
सात हजार तीनशे पन्नास.
मी उगाच टॅब्लेटवर ताडून बघतो.
"हातचा कुणी शिकवला?"
"त्याच मास्तराने. जायच्या आदल्या आठवड्यात."

पुढचा प्रश्न: घरातली इतर माणसं.
टावोंगा. मुलगी. सोळा वर्षं शिकलेली, नर्स.
एकेका वर्षाला किती पोती मासळी गेली ते आईला पाठ आहे.
सध्या मुक्काम अ‍ॅबरडीन.
सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेलं माणूस
नियमाप्रमाणे घरातलं नाही.
मी नाव लिहितो, टॅब्लेट पुसून टाकतो.

एककाच्या घरातून उचललेला एक
दशकाच्या घरात जाऊन बसतो
आणि तिथे तोच एक दहा होतो.
तो काही जादा शिकलेला नसतो.
हात तेच, शीर शोधायची तऱ्हा तीच, झोम्बाला शिकलेली.
फक्त घर बदललं.

तिथे टावोंगा म्हाताऱ्यांची कूस बदलते.
त्यांच्यातला एक रोज आपल्या शाळेचं नाव सांगतो.
शाळा बंद झाली, गावात मुलंच उरली नाहीत.
इथे वेझी मास्तरणीच्या पहिलीत एकशे चौतीस आहेत,
मागच्या रांगेला फळा ऐकू येतो, दिसत नाही.

महिन्याच्या तीन तारखेला न्यागोंड्वेचा फोन वाजतो.
त्या आवाजातून छताचे पत्रे आले,
नातीच्या गणवेशाचं कापड आलं.
पण मार्चमध्ये सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या
तेव्हा दवाखान्यात टावोंगाच्या नावाची पाटी होती, नुसती पाटी.
बाळ वाचलं.
एवढंच सांगून ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाते.

परत येते ती प्रश्न घेऊन. "आणि तुझी किती?"
"सतरा," मी म्हणतो. अर्थशास्त्र.
कंत्राट शुक्रवारी संपतं, हे तिने विचारलेलं नसतं
तरी सांगून टाकतो.

ती मला मासळीसारखं एकदा वरून, एकदा खालून बघते.
मग एक कप उसिपा जुन्या कागदात बांधून
माझ्या टॅब्लेटवर ठेवते.
"भांडवलातलं नाही, विक्रीतलं आहे," बजावते.
"आणि फुकट नाही, उधार."

कुठेच लिहीत नाही.
नुसता अंगठा दाबून धरते.